हवेची वाट

१

सीटी मशीन चालवणारा टेक्निशियन बोलता बोलता थांबला, तशी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्या फोटोवाल्या बाईंनी मान वर केली. मशीन चालू असताना हा माणूस आपल्या दाढदुखीपासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत सगळं सांगत असे. तो गप्प झाला म्हणजे पडद्यावर काहीतरी अवघड उमटलं असणार.

"मॅडम, जरा येता?"

बाई उठल्या. सव्वीस वर्षं त्या या हॉस्पिटलात एक्स-रे आणि सीटी वाचत होत्या. पेशंटचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पण कुणाची कुठली बरगडी कधी मोडली होती हे त्या घडाघडा सांगत. शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे त्यांना फोटोवाल्या बाई म्हणत, आणि त्यांनाही ते आवडत असे.

पडद्यावर एका माणसाचं डोकं होतं. सीटीत काळं दिसतं ती हवा. नाकात ती असायचीच. मेंदूभोवती तिचं काही काम नाही. इथे मात्र कपाळामागे उजवीकडे मोठा काळा डाग पसरला होता आणि त्याने मेंदूला मागे रेटलं होतं. बाईंनी चित्र खाली सरकवलं. मानेत, पाठीच्या मण्यांच्या नळीतही हवा होती, साबणाच्या फेसासारखी.

"डोक्याला मार लागलाय का?"

"कुठे! हा तर फुप्फुसाचा पेशंट. बावीस नंबरची खाट."

बावीस नंबर म्हणजे पुस्तकं बांधणारा एक तरुण कारागीर. वय चौतीस, उंच, काठीसारखा. चार दिवसांपूर्वी एकाएकी धाप लागली म्हणून आला होता. उजवं फुप्फुस फुग्यासारखं बसलं होतं. अशा उंच, किडकिडीत माणसांचं ते कधीकधी आपोआपही बसतं, त्यामुळे कुणाला फारसं नवल वाटलं नव्हतं. छातीत नळी घातली, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं, आणि फुप्फुसाबाहेर साठलेली हवा बुडबुड्यांवाटे बाहेर येऊ लागली. तो सुधारत होता. आज सकाळी डोकं धरून असंबद्ध बडबडला, त्याला फिट आली आणि शुद्ध गेली.

"छातीचा पेशंट आणि डोक्यात हवा," टेक्निशियन पुटपुटला. "गेली कुठून?"

बाईंनी कवटी इंच इंच तपासली. कुठे तडा नव्हता.

२

अधीक्षकांच्या खोलीत तिघं आधीच होती. टेबलापलीकडे अधीक्षक, खिडकीपाशी तरुण सर्जन, आणि दाराजवळ, बसायला खुर्ची असूनही उभ्या असलेल्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती त्यांच्या.

"आपल्याकडे डोक्यात हवा गेलेले पुष्कळ आहेत," अधीक्षक म्हणाले, "पण खरीखुरी गेलेला हा पहिलाच." कुणी हसलं नाही. मग तेही गंभीर झाले. "प्रश्न साधा आहे. पेशंट बेशुद्ध सापडला तेव्हा त्याच्या नळीचा चिमटा बंद होता. तो सिस्टरांनी लावला होता. कागदावर तसा हुकूम नाही."

"सकाळी सात वाजता डॉक्टरांनी फोनवर सांगितलं," सिस्टर म्हणाल्या. "चिमटा लावा, चार तास बघू, मग नळी काढू. रोजचंच आहे हे."

सगळ्यांनी तरुण सर्जनकडे पाहिलं. त्याने बाहेर पाहिलं.

"मी 'बघू' म्हणालो असेन," तो म्हणाला. "लावाच, असं म्हटल्याचं आठवत नाही."

सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्या भांडल्या नाहीत, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "चिमटा बंद झाला, फुप्फुसातून गळणारी हवा छातीत कोंडली, दाब वाढला, इथपर्यंत पटतं. पण दाब वाढला की श्वास गुदमरतो. हवा काही भिंतीतून आरपार जात नाही. छाती आणि पाठीची नळी यांच्यामध्ये कुठेतरी वाट असल्याशिवाय ती मेंदूपर्यंत पोचूच शकत नाही."

"मग वाट शोधा. उद्या दुपारी चौकशी आहे. तोवर सिस्टर घरी."

व्हरांड्यात सिस्टर ओढणीची पिन काढावी तशी छातीवरची नावाची पट्टी काढत होत्या. "मॅडम, एक विचारू? दुसऱ्या दिवसापासून बाटलीत येणारं पाणी फार स्वच्छ होतं. फुप्फुसातलं पाणी पिवळट असतं, लालसर असतं. हे नळाच्या पाण्यासारखं. आणि पेशंट उठून बसला की डोकं धरायचा, आडवा झाला की बरा. मी दोन्ही गोष्टी तक्त्यावर लिहिल्या आहेत."

"मग कुणी काय म्हटलं?"

"कुणी वाचलं असेल तर म्हणणार ना."

बाई जागच्या जागी थांबल्या. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या पाण्यात तरंगतात ते पाणी असंच स्वच्छ असतं. ते गळून कमी झालं की उठून बसल्यावर डोकं फुटायची पाळी येते. म्हणजे वाट आज सकाळी झालेली नव्हती. आधी त्या वाटेने पाणी खाली आलं होतं. चिमटा लागल्यावर हवा वर गेली.

आणि पहिल्याच दिवशी या पेशंटच्या छातीचा सीटी झाला होता. तो वाचला होता त्यांनीच.

३

अंधाऱ्या खोलीचं दार लावून त्यांनी तो जुना सीटी उघडला. खाली त्यांचाच रिपोर्ट होता. 'उजवे फुप्फुस आकसलेले. फुप्फुसाबाहेर हवा. बाकी सर्व ठीक.' रिपोर्टची वेळ एक वाजून बावन्न मिनिटं. त्या दिवशी दोन वाजता त्यांना चष्म्याच्या दुकानात पोचायचं होतं.

त्यांनी चित्रं एकेक करून पुढे सरकवली. पाचव्या मण्याशी हात थांबला.

मण्याच्या नळीच्या आत, अगदी कडेला, काळा ठिपका होता. मोहरीहून लहान. एकदा दिसल्यावर तो न दिसणं अशक्य होतं. आणि त्या ठिपक्यापासून खाली, उजवीकडे, पाठीच्या स्नायूंतून एक बारीक करडी रेघ तिरकी उतरत गेली होती. सहाव्या बरगडीच्या वरच्या कडेवरून ती कातडीपर्यंत पोचत होती. अगदी सरळ रेघ. शरीरात असं सरळ काही नसतं.

फुप्फुस आपोआप बसलेलं नव्हतं. कुणीतरी त्याच्या पाठीत काहीतरी खुपसलं होतं.

पेशंटपेक्षा आधी त्यांच्या मनात आपलाच रिपोर्ट आला, ही गोष्ट त्यांना नंतर कितीतरी दिवस छळत राहिली. चार दिवसांपूर्वी हा ठिपका त्यांना दिसला असता तर चिमट्याचं नावसुद्धा कुणी काढलं नसतं.

त्यांनी फोन उचलला. "पेशंटच्या पाठीचा आत्ताच्या आत्ता नवा सीटी हवा," त्या सर्जनला म्हणाल्या. "मला छिद्र कुठे आहे याचा अंदाज आलाय."

नव्या सीटीत छिद्र दिसणारच होतं. मग जुना कोण उघडून बघणार? हे त्यांनी मुद्दाम ठरवलं असं नाही. फक्त जुना सीटी बंद करून टाकला.

४

पेशंटला कुशीवर वळवलं तेव्हा उजव्या खांद्याच्या फऱ्याच्या कडेला चिकटवलेला कागदाचा गोल तुकडा दिसला. पातळ, पिवळसर कागद, पुस्तकाच्या शिवणीवर लावतात तसला. तो ओला करून सोडवला. खाली तांदळाच्या दाण्याएवढी खपली होती.

"छातीत नळी समोरून घातली," सर्जन ओशाळून म्हणाला. "पाठ बघायचं कारणच पडलं नाही."

बाई खपलीकडे बघत राहिल्या. ही जागा अशी होती की माणसाचा स्वतःचा हात तिथे पोचणार नाही. म्हणजे कागद दुसऱ्या कुणीतरी लावला होता.

नवा सीटी झाला, छिद्र सापडलं, आणि पेशंटला ऑपरेशनला नेलं. ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत होती, सोडवत होती. बाई तिच्याशेजारी बसल्या. पेशंटच्या घरच्यांशी असं बसून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"पाठीवरचा कागद तू लावलास?"

तिने मान हलवली. "खिळा लागला म्हणाले. फळीतून पुठ्ठे काढताना. दोन थेंब रक्त होतं नुसतं. मी पट्टी शोधत होते, तर म्हणाले, कागद आणि खळ लाव, आमच्या धंद्यात यानंच सगळं चिकटतं." ती जराशी हसली आणि तिचे डोळे भरले. "अर्ध्या तासाने धाप लागली. वाटेत मला म्हणाले, डॉक्टरांना खिळ्याचं सांगू नकोस, उगाच दहा इंजेक्शनं देतील."

"ते इंजेक्शनला घाबरतात?"

"छे हो. मागे बोट कापलं तर गप्प बसून टाके घालून घेतले होते."

"त्या दिवशी कारखान्यात कोण कोण होतं?"

"हे, बाबा, आणि भाऊजी." ती अडखळली. "भाऊजींचं आणि यांचं सकाळी भांडण झालं होतं. पण भाऊजी तसे नाहीत, मॅडम."

"तसे म्हणजे कसे?"

तिने पिशवीचे बंद पुन्हा बोटांना गुंडाळले. भाऊजी चार दिवसांत एकदाही हॉस्पिटलात आले नव्हते.

५

कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली होती. दाराशी कागद कापायचं मशीन, मध्ये दाबयंत्र, आणि आत खिडकीखाली शिवणीची चौकट. चौकटीसमोर एक बुटकं स्टूल. स्टुलासमोरच, चौकटीच्या बाजूला, हात उंच केल्याशिवाय पोचणार नाही अशी, पुठ्ठ्यांची फळी. खळीचा आंबूस वास सगळीकडे.

पेशंटचा थोरला भाऊ मशीनवर होता. रुंद खांद्यांचा, डावखुरा. बाईंनी आपण कोण ते सांगितलं तरी त्याने पातं खाली आणेपर्यंत मान वर केली नाही.

"हॉस्पिटलात आला नाहीत?"

"इथे कोण बघणार? दोघांचं काम मी एकटा करतोय. आणि बाबांना एकटं सोडता येत नाही."

"भांडण कशावरून झालं होतं?"

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाबांवरूनच. मी म्हटलं, आता त्यांना घरी बसवू या. नजर गेलीय त्यांची. धाकटा म्हणतो, नाही, स्वच्छ दिसतं त्यांना. पुन्हा असलं काही बोललास तर मीच वेगळा होईन, म्हणाला." तो घुटमळला. "माझा राग वाईट आहे. पण मी त्याच्या अंगाला हात लावलेला नाही, डॉक्टरीणबाई. तुम्ही त्यासाठीच आलात ना?"

बाई फळीपाशी गेल्या. खिळा कुठेच नव्हता. फळी खाचेत बसवलेली, सुताराने नीट घासलेली. भिंतीवर हत्यारं टांगली होती. भोकं पाडायच्या लाकडी मुठीच्या आऱ्या, लहानीपासून मोठीपर्यंत ओळीने. सर्वांत मोठीची जागा रिकामी होती.

"मोठी आरी कुठेय?"

"धाकट्याने कुठे ठेवली काय माहीत. त्या दिवसापासून सापडत नाही."

खिडकीखाली अर्धवट शिवलेल्या वह्यांचा गठ्ठा होता. बाईंनी वरची वही उचलली आणि सवयीने उजेडासमोर धरली. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. वस्तू उजेडासमोर धरायची आणि आत काय आहे ते बघायचं. पाठीच्या घडीवर भोकांची एक सरळ ओळ होती, तिच्यातून दोरा गेला होता. आणि त्या ओळीच्या शेजारी, वेडीवाकडी, आणखी एक ओळ होती. ती भोकं खळीने बुजवून वरून पातळ कागद लावला होता. दुसरी वही तशीच. तिसरी तशीच.

"कोण आहे रे?" आतल्या दारातून म्हातारा आला. पाठीत वाकलेला, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. भिंतीला बोटं लावत तो स्टुलापाशी आला आणि बसला.

"मी हॉस्पिटलातून आलेय, बाबा."

"या, बसा," म्हातारा म्हणाला आणि त्यांच्या खांद्यापलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून अदबीने हसला. "कसा आहे आमचा पोर?"

बाईंना उत्तर देता आलं नाही. त्यांना सगळं कळून चुकलं होतं.

६

परतीच्या वाटेवर त्यांनी ते मनाशी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं. आरी आत शिरली ती खांद्याच्या फऱ्याखालून. हात खाली असते तर तिथे फऱ्याचं हाड आडवं आलं असतं. ती शिरली तेव्हा पेशंटचे दोन्ही हात वर होते, आणि भांडणात कुणी पाठ फिरवून, हात वर करून उभं राहत नाही. तो पुठ्ठे काढत होता. बायकोला तेवढं त्याने खरं सांगितलं होतं.

शिवाय रेघ खालून वर चढत गेली होती. थोरला रुंद, उभा राहून काम करणारा. त्याचा घाव एवढ्या खालून आला नसता. बुटक्या स्टुलावरून उठताना तोल जाऊन पुढे पडलेल्या माणसाच्या हातात आरी असेल, तर ती अशीच जाईल, सगळ्या अंगाच्या भाराने. आणि आपल्यासमोर कुणीतरी येऊन उभं आहे हे त्या माणसाला दिसलंच नसेल तर?

धाकट्याने आरी काढून लपवली, बायकोला खिळा सांगितला, डॉक्टरांना तोही सांगितला नाही. रोज सकाळी लवकर येऊन बापाची चुकलेली भोकं बुजवणारा मुलगा तो. ही गोष्ट कळली असती तर थोरल्याने त्याच दिवशी बापाला कामावरून उठवलं असतं.

ऑपरेशन पार पडलं होतं. छिद्र शिवलं होतं. पेशंट अजून शुद्धीवर नव्हता. बाईंनी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग तिने बाईंचा हात घट्ट धरला.

"बाबांना सांगू नका. ते जगायचे नाहीत."

"चौकशीत मला लिहावं लागेल, पोरी. पोलीसही विचारतील. नाहीतर सिस्टरांच्या माथी बसेल सगळं."

"खिळा लागला असं लिहा ना. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो, हा प्रश्न बाईंनी स्वतःलाही विचारून पाहिला. खिळा लिहिला तर म्हातारा वाचत होता. आणि जुन्या सीटीबद्दल काही लिहिलं नाही तर त्याही वाचत होत्या. दोन्ही गोष्टी किती सहज एका कागदावर बसत होत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिपोर्ट लिहायला बसल्या. दोन ओळी झाल्या होत्या तोच दार वाजलं. थोरला भाऊ दारात उभा होता आणि त्याच्या दंडाला धरून म्हातारा.

"तू बाहेर थांब," म्हातारा मुलाला म्हणाला. दार लागल्यावर त्याने विचारलं, "अंधार आहे का इथे?"

"हो. दिवा लावू?"

"नको. मला कुठे फरक पडतो." खुर्ची चाचपून तो बसला. "काल तुम्ही वह्या उजेडात धरल्यात. कागदाचा आवाज आला मला. मग तुम्ही एकदम गप्प झालात. तेव्हाच म्हटलं, या बाईंना कळलं."

बाईंनी अर्धवट रिपोर्ट बाजूला सरकवला.

"पन्नास वर्षं आरी चालवतोय. पुठ्ठ्यात गेली की एक लागतं, चामड्यात गेली की दुसरं, लाकडाला टेकली की तिसरं. डोळे गेले तरी हाताला कळतं. त्या दिवशी उठताना तोल गेला आणि आरी गेली ती... ती यातल्या कशातच गेली नव्हती." तो थांबला. "मी विचारलं, काय रे, लागलं का? तर म्हणतो, नाही बाबा, चामड्याचा गठ्ठा होता. हसला पण. मी म्हटलं, बरं."

"तुम्हाला खोटं वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण ते खरं धरलं की मला उठावं लागलं असतं. त्या स्टुलावरून." त्याने तळहातानेच डोळे पुसले. "पोरगं माझी भोकं बुजवत होतं ते काय मला ठाऊक नव्हतं? बोटांना लागते की खळ. त्याला बरं वाटतं म्हणून मी गप्प, आणि मला बरं वाटावं म्हणून तो. असं चाललं होतं आमचं." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मी त्याच दिवशी बोललो असतो तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. अंधारात तर फारच सोपं.

"तर पाठ तपासली असती," बाई म्हणाल्या. "छिद्र लगेच सापडलं असतं. मेंदूपर्यंत गोष्ट गेलीच नसती."

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"बाबा, आणखी एक ऐका. त्या दिवशी त्याचा जो फोटो काढला त्यात ते छिद्र दिसत होतं. मी बघितलं नाही. मला घाई होती. आणि काल ते सापडल्यावरही मी कुणाला सांगितलं नाही."

"बघितलं असतं तर?"

"तरी तेच. तो वाचला असता या सगळ्यातून."

म्हाताऱ्याने त्यांना दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही. मग तो उठला. "लिहा तुम्ही," म्हणाला. "माझं लिहा. मी सही करतो. सहीच्या जागेवर माझं बोट टेकवा फक्त."

७

चौकशीत बाईंनी आपला रिपोर्ट स्वतः वाचून दाखवला. आधी काळा ठिपका, मग रेघ, मग आरी. जुना सीटी त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि काठीने ठिपका दाखवला. खाली त्यांचंच 'बाकी सर्व ठीक' सगळ्यांना वाचता येत होतं. अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"हे तुम्ही लपवू शकला असता," ते म्हणाले.

"लपवलं होतं. एक दिवस."

तेवढ्यात खिडकीजवळून तरुण सर्जनचा आवाज आला. "साहेब, चिमटा लावायला मीच सांगितलं होतं. फोनवर. शब्द अन् शब्द आठवतोय मला."

सिस्टरांवरचा ठपका त्याच दिवशी निघाला. बाई त्यांना सांगायला घरी गेल्या. सिस्टरांनी आत बोलावलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, मॅडम." पण त्या कामावर परतल्या नाहीत. निवृत्तीचा अर्ज आधीच देऊन बसल्या होत्या. "तीस वर्षं तक्ते लिहिले," निरोप देताना त्या म्हणाल्या. "कुणी वाचतं की नाही, हा विचार आधी कधी मनात यायचा नाही. आता प्रत्येक ओळीला येईल." जिना उतरताना त्यांना आठवलं की त्यांनीही या सिस्टरांचा एकही तक्ता कधी वाचला नव्हता.

पोलीस आले, म्हाताऱ्याची जबानी घेऊन, अपघात म्हणून लिहून गेले. बाईंना वरून लेखी समज मिळाली. ती त्यांनी नीट घडी करून ठेवली.

पेशंट नवव्या दिवशी शुद्धीवर आला. डोक्यातली हवा हळूहळू जिरली. फुप्फुस पुन्हा फुगलं. डाव्या हाताची बोटं मात्र उघडत नव्हती. व्यायामाने थोडं सुधारेल, सर्जन म्हणाला, पण दोरा ताणून धरण्याइतकं येईल असं सांगता येत नाही.

बाराव्या दिवशी दुपारी म्हातारा त्याला भेटायला आला, तेव्हा बाई वॉर्डातच होत्या. हल्ली त्या रिपोर्ट लिहिण्याआधी खाटेपाशी येऊन जात. म्हातारा खाटेच्या कडेवर बसला आणि चाचपत त्याने मुलाचा डावा हात शोधला. मिटलेली बोटं एकेक करून मोजल्यासारखी दाबली.

"बाबा," पेशंट म्हणाला. शब्द अजून जड येत होते. "त्या फळीचा... खिळा..."

"खिळा नव्हता तिथे," म्हातारा म्हणाला.

पेशंटने बायकोकडे पाहिलं. तिने नजर वळवली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? माझाच हात होता तो."

पेशंट छताकडे बघत राहिला. त्याच्या कानाकडे पाण्याची रेघ उतरली. "आधीपासून ठाऊक होतं?"

"त्याच घटकेपासून."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

म्हाताऱ्याने उत्तर शोधलं. शेवटी म्हातारा मुलाच्या हाताकडे, त्याच्या जरासा बाजूला, बघत म्हणाला, "तू नाही म्हणालास ना. मला वाटलं, तुझा मान राखावा."

आणि तो हात तसाच धरून बसून राहिला. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी त्याला उठवायला कुणी गेलं नाही.